आयर्विनला किती फूट? पुराआधी घर तयार ठेवायचं ते असं

सांगलीत पावसाळ्यात माणसं भेटली की कसं काय विचारायच्या आधी विचारतात, आयर्विनला किती झालं? कृष्णेवरचा हा पूल १९२९ सालचा आणि तिथली पाणीपातळी हाच आमच्या गावाचा मीटर. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. कोल्हापूरकरांचं तसंच पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर, तिथं ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका. हे आकडे पोरासोरांनाही पाठ आहेत, पण ते अख्ख्या शहराचे आकडे आहेत. तुमच्या घराचा आकडा वेगळा असतो आणि तो तुम्हालाच शोधून भिंतीवर लिहून ठेवायला लागतो. मी हे सगळं लिहायला बसले ते मुख्य याच्यासाठी, बाकी पिशवी, टॉर्च, बिस्किटं वगैरे त्याच्यानंतर.

आमचं घर नदीपासून फार लांब नाही. २००५ च्या पुरात पाणी आमच्या दुसऱ्या पायरीपर्यंत येऊन थांबलेलं. तेव्हापासून घरात सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं की आपल्याकडं पाणी दुसऱ्या पायरीच्या वर येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही त्याच हिशोबानं सामान पलंगावर आणि टेबलावर ठेवलं आणि निवांत बसलो. २००५ ला आयर्विनला ५४ च्या आत होतं, २०१९ ला ५७ च्या वर गेलं. पलंग बुडाला, टेबल बुडायला चार बोटं राहिली, आणि आम्ही सासूबाईंना घेऊन अंधारात बोटीतून बाहेर पडलो तेव्हा त्यांच्या बीपीच्या गोळ्या घरातच राहिल्या. गावात कितीतरी जणांचं असंच झालं, ज्याच्या त्याच्या डोक्यात २००५ ची खूण होती. तर पहिली गोष्ट ही की मागच्या पुराची खूण म्हणजे पाण्यानं घेतलेली शपथ नव्हे, खूण जिथं आहे त्याच्या वर चार-पाच फूट धरून तयारी करायची.

आता आकडा कसा काढायचा ते सांगते. तुम्हाला खरं तर दोन आकडे लागतात, एक उंबऱ्याचा आणि एक रस्त्याचा. उंबऱ्याचा म्हणजे आयर्विनला किती फूट असताना पाणी तुमच्या दारात येतं. रस्त्याचा म्हणजे किती फूट असताना तुमच्या घरातून बाहेर पडायची वाट बंद होते. आणि रस्त्याचा आकडा जवळजवळ कायम उंबऱ्याच्या आकड्यापेक्षा कमी असतो, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. आमच्याकडं उंबऱ्याला पाणी टेकतं ५५ ला, पण गल्लीच्या तोंडाशी जो सखल भाग आहे तिथं ४७ लाच गुडघाभर पाणी असतं. म्हणजे ४७ ते ५५ घर कोरडं, आम्ही गॅलरीत उभं राहून पाणी बघतोय, घरात चहा होतोय, आणि खरं तर आम्ही बेटावर अडकलोय. माणसं उंबऱ्याकडं बघून ठरवतात, म्हणतात अजून लै वेळ आहे, आणि मग बोट बोलवायची वेळ येते.

गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारा, २०१९ ला कुठपर्यंत आलं होतं, २०२१ ला कुठपर्यंत, कुठल्या दिवशी कोपऱ्यावर आलं. त्या दिवशीचा आकडा जुन्या पेपरात किंवा मोबाइलमधल्या जुन्या मेसेजमध्ये सापडतो. भिंतीवर गाळाच्या रेघा अजून असतील तर त्यावरून मोजा. आणि रस्त्याच्या सखल भागापेक्षा तुमचा उंबरा किती उंच आहे हे अंदाजानं ठरवू नका, ओळखीच्या गवंड्याला बोलवा, त्याच्याकडं पारदर्शक नळी असते ना, पाणी भरून लेव्हल बघायची, त्या नळीनं एका दुपारात सगळी गल्ली मोजून होते. आमच्या गल्लीत आम्ही पाच घरांनी मिळून हे केलं. जिन्याच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून ठेवलंय, ४७ रस्ता, ५५ उंबरा. पुलापाशीच्या आणि तुमच्या गल्लीतल्या पाण्यात थोडा फरक पडतोच, हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते तिथं तुंबलं की मागं फुगवटा येतो, ओढ्यानाल्यातून उलटं पाणी शिरतं, म्हणून दोन्ही आकड्यांतून एक फूट कमी करून धरायचं.

मग उलटा हिशोब. पातळी जोरात असताना तासाला तीन-तीन इंच चढते, म्हणजे तुम्ही रात्री दहाला झोपून सकाळी आठला उठेपर्यंत अडीच फूट. म्हणून आमचं ठरलंय, ४० ला इशारा झाला की सामान वर न्यायला सुरुवात, ४३ ला सासूबाई आणि लहान पोरं बाहेर, ४५ ला सगळे बाहेर. ४५ संध्याकाळी होणार असं दिसत असेल तर दुपारीच निघायचं, अंधारात निघायचं नाही. हे आकडे आमचे आहेत, तुमचे तुम्ही काढा, पण ज्या दिवशी आकाश निरभ्र आहे त्या दिवशी काढा, पाणी चढताना घरात प्रत्येकाचं मत वेगळं असतं.

नुसता आयर्विनचा आकडा बघून पण भागत नाही, वर काय चाललंय ते बघायला लागतं. सांगलीत पाऊस नसतो, लख्ख ऊन पडलेलं असतं आणि पाणी चढत असतं, कारण पाऊस पडतोय महाबळेश्वर, नवजा, कोयनानगरला. कोयनेत १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाणी मावतं, धरण भरत आलं आणि घाटात पाऊस थांबत नसला की विसर्ग वाढवायला लागतो. बातमीत क्युसेक म्हणतात ना, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. आपण चार गोष्टी बघायच्या, कोयनेचा विसर्ग, वारणेचा विसर्ग, कराडला पातळी काय आहे, आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती सोडतायत. कराडला चढतंय म्हणजे ते आपल्याकडं येणारच आहे. सकाळ-संध्याकाळ हे आकडे वहीत लिहा, तीन-चार नोंदी झाल्या की पाणी कसं चालतंय ते आपोआप कळतं. जलसंपदाचं आणि जिल्हा प्रशासनाचं पत्रक धरायचं, ग्रुपवर फिरणारा व्हॉइस मेसेज धरायचा नाही, धरण फुटलं, दरवाजा तुटला असले मेसेज दर पुरात येतात आणि म्हातारी माणसं नाहक घाबरतात. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, कुठल्याही तातडीला ११२, ॲम्ब्युलन्सला १०८. आकाशवाणी सांगली लागेल असा सेलवरचा रेडिओ घरात ठेवा, टॉवरचं डिझेल संपलं की मोबाइल म्हणजे नुसता टॉर्च होतो.

आता तयारी. आमच्याकडं ही मृगाच्या आधी होते, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. आमच्या भागात पूर येतो तो बहुतेक म्हाताऱ्या पावसात नाहीतर आसळकात, म्हणजे पुष्य आणि आश्लेषा, जुलैच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. २०२१ चा जुलैमधला म्हाताऱ्यातला, २०१९ चा ऑगस्टमधला आसळकातला. म्हणजे मृगापासून दीड-दोन महिने हातात असतात, पण ते असेच जातात, त्यामुळं शेंगांची चटणी कुटायची तसंच हे पण वर्षाच्या कामात धरून टाकायचं.

कागदपत्रांपासून सुरुवात करा. खरेदीखत, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, रेशनकार्ड, आधार, पासबुकं, विम्याच्या पॉलिसी, गाडीचं आरसी, पोरांची मार्कशीट आणि जन्मदाखले, गॅसचं पुस्तक, दवाखान्याच्या फायली. सगळं एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, तोंड दुमडून चिकटपट्टी. लॅमिनेशन करू नका, कधीतरी मूळ कागदावर सही-शिक्का लागतो. सगळ्याचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलवर आणि बाहेरगावच्या एका नातेवाइकाकडं पाठवून ठेवा, डिजिलॉकरमध्ये जे येतं ते तिथं घ्या. आणि लग्नाचा अल्बम, वडिलांचा फोटो, हे पण त्याच पिशवीजवळ ठेवा. भांडी परत मिळतात, २०१९ नंतर माझ्या शेजारणीनं तिच्या आईच्या हातच्या पत्रांचा ओला लगदा दोन दिवस उन्हात ठेवलेला मी बघितलाय.

दुसरी पिशवी औषधांची, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. बीपी, शुगर, थायरॉइड, हार्ट, फिट येण्याच्या गोळ्या, जे रोज लागतं ते पंधरा दिवसांचं वेगळं काढून ठेवायचं आणि दर महिन्याला नवीन आणलं की जुनं वापरायला घेऊन नवं पिशवीत टाकायचं, म्हणजे मुदत संपत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स सोबत ठेवा, बाहेरगावच्या मेडिकलवाल्याला नाव सांगता येत नाही. इन्सुलिन असेल तर लाइट गेल्यावर फ्रिज बंद, अशा वेळी ते झाकणाच्या डब्यात घालून गार पाण्याच्या माठाशेजारी सावलीत ठेवायचं, बर्फाला चिकटवून नाही, गोठलं की ते कामाचं राहत नाही. चष्म्याचा जुना जोड, सॅनिटरी पॅड, लहान मूल असेल तर त्याचं दूध, ओआरएसची पाकिटं, बँडेज, जखमेचं मलम. ओआरएस नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ, चमचे सपाट, मीठ अंदाजानं घालू नका.

खाण्याचं मात्र आपल्याकडं सोपं आहे, बाहेरून काही आणायला लागत नाही. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भडंग, चिरमुरे, फुटाणे, गूळ, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, हे सगळं न शिजवता खाता येतं आणि आठ दिवस टिकतं. मॅगी आणि रव्याची पाकिटं घेऊन ठेवतात लोक, पण गॅस पेटवायला जागा आणि पाणी दोन्ही लागतं. माणशी दिवसाला तीन-चार लिटर पाणी पिण्यापुरतं धरा, पाच माणसांना तीन दिवसांचं म्हणजे साठ लिटरच्या आसपास, वीस लिटरचे तीन कॅन. पूर आला की पहिल्यांदा पिण्याचं पाणी बंद होतं, कारण नदीकाठची पंपिंग स्टेशनंच पाण्याखाली जातात, कोल्हापुरात २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळा हेच झालं, चौफेर पाणी आणि नळाला थेंब नाही. म्हणून इशारा पातळी झाली की वरची टाकी काठोकाठ भरून घ्या. जमिनीतल्या टाकीचं पाणी पूर आल्यावर प्यायचं नाही, झाकण लावलेलं असलं तरी गटाराचं पाणी आत जातंच.

रोख पैसे ठेवा. २०१९ ला लाइट नसल्यामुळं एटीएम बंद, पुणे-बंगळूर हायवे कितीतरी दिवस बंद, त्यामुळं पेट्रोल, दूध, गॅस कशाचीच गाडी येईना. दहा, वीस, पन्नास, शंभरच्या नोटा, पाचशेची मोड कुणाकडं नसते. गाडीत पेट्रोल पावसाळाभर अर्ध्या टाकीच्या खाली जाऊ द्यायचं नाही. बाकी टॉर्च आणि त्याचे सेल, पॉवरबँक, साधा बटणांचा मोबाइल, शिट्टी, काडेपेटी प्लास्टिकमध्ये, दहा-पंधरा मीटर दोरी, आणि महत्त्वाचे दहा नंबर कागदावर लिहिलेले, कारण आता नवऱ्याचा नंबर पण कुणाला पाठ नसतो.

सामान वर न्यायचं तर त्याची पण रीत आहे. आम्ही पहिल्यांदा पन्नास किलोची ज्वारीची पोती तशीच ठेवलेली, ऐन वेळी ती उचलायला दोन गडी लागतात आणि त्या दिवशी गडी कुठून आणणार, प्रत्येकाच्या घरात तेच चाललेलं असतं. आता धान्य दहा-दहा किलोच्या पिशव्यांत भरतो, मी एकटी जिन्यावरून नेऊ शकते. पत्र्याची कोठी पाण्यात उभी राहील असं वाटतं पण अर्धी भरलेली कोठी तरंगते आणि आडवी होते. फ्रिज तर हमखास तरंगतो, आणि तरंगत दारापाशी जाऊन अडकला की पाणी ओसरल्यावर दार बाहेरून उघडत नाही, म्हणून वर नेता येत नसेल तर त्याला दोरीनं खिडकीच्या गजाला बांधा. प्लायवूडचं फर्निचर भिजलं की गेलंच, त्याच्यासाठी जीव काढू नका, त्याचे ड्रॉवर तेवढे काढून वर न्या. गाद्या वर, गाद्या भिजल्या की टाकायलाच लागतात. तळमजल्याचंच घर असेल, माळा नसेल, तर आधीच बोलून ठेवा की वरच्या मजल्यावाल्यांकडं किंवा विश्रामबागला, मिरजेला कुणाकडं चार पेट्या ठेवता येतील का.

गॅस सिलेंडर हा फार लोकांच्या लक्षात येत नाही असा धोका आहे. रिकामी टाकी साधारण पंधरा-सोळा किलो, आत १४.२ किलो गॅस, मिळून तीस किलो, पण टाकीत पाणीच ३३ लिटर मावतं, म्हणजे भरलेला सिलेंडर सुद्धा पाण्यावर तरंगतो, शेगडीला जोडलेला असला तर नळी ओढून काढतो. निघताना रेग्युलेटर काढायचा, टोपी बसवायची आणि सिलेंडर वर न्यायचा, नाहीतर साखळीनं पक्का बांधायचा.

लाइटचं असं, पाणी बोर्डापर्यंत यायची वाट बघू नका, घरात यायची पण नाही, गल्लीत आलं की मेन स्विच बंद. पाण्यात उभं राहून किंवा ओल्या हातानं मेनला हात लावायचा नाही, तसं झालं असेल तर महावितरणच्या माणसाला फोन करा, १९१२ वर तक्रार घेतात. इन्व्हर्टर विसरू नका, मेन बंद केला तरी इन्व्हर्टर घरात करंट देत राहतो, त्याची वायर सोडवून बॅटरी वर न्यायची.

आणि पाणी दारातून येतं असं आपण धरतो, ते खरं पहिलं येतं संडासातून आणि बाथरूमच्या जाळीतून. गटार तुंबलं की उलटं. वाळूच्या पिशव्या दारात लावून लोक बसतात आणि मागनं मोरीतून पाणी वर येतं. जाड प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून गाठ मारा, ती संडासाच्या भांड्यात आणि मोरीच्या जाळीवर दाबून ठेवा, वरून वजन. पाणी त्याच्या वर चढणारच असेल तर उपयोग नाही, पण फूटभर पाण्याच्या वेळी गटाराची घाण घरात यायची वाचते.

जनावरं ज्यांच्याकडं आहेत त्यांनी माणसांच्या आधी जनावरांचं ठरवा, कारण जनावरांसाठीच माणसं मागं राहतात. शिरोळ भागात, पलूस भागात दर वेळी हेच होतं, गोठ्यात चार म्हशी आहेत म्हणून घरचा कर्ता माणूस निघत नाही आणि तो निघत नाही म्हणून बाई निघत नाही. ब्रह्मनाळची बोट आठवते ना, ८ ऑगस्ट २०१९, क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली आणि उलटली. शेवटच्या बोटीची वेळ कुणावर येऊच नये. जनावरं रस्ता चालू असताना उंचावरच्या पाहुण्यांकडं चालवत न्या, सोबत पाच-सहा दिवसांचा वाळला चारा, पुरात हिरवा चारा मिळत नाही. प्रत्येक जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर आणि त्याचा फोटो मोबाइलवर ठेवा, पंचनाम्याला कामाला येतो. आणि कुठल्याच कारणानं नेता आलं नाही तर निघताना दावं सोडा. म्हैस पोहते, बांधलेली म्हैस पोहू शकत नाही.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं वेगळं लिहायला पाहिजे. सासूबाई २०१९ ला म्हणाल्या, मी माझं घर सोडून कुठं जाणार न्हाई, जे व्हायचं ते हितंच. त्यात हट्ट नव्हता, परक्याच्या घरात संडासाला जायची लाज, देवाची पूजा चुकायची भीती, आणि आपण ओझं होऊ हे मनात. त्या रात्री बोटीत चढवताना त्यांचा हात थरथरत होता तो मला अजून जाणवतो. पुढच्या मे मध्ये आम्ही बसून त्यांच्याशी बोललो, कुठं जायचं ते त्यांनाच निवडू दिलं, त्यांनी मिरजेची भाची निवडली, मग भाचीला फोन करून सरळ विचारलं की पाणी आलं तर आत्याला आठ दिवस ठेवशील का. देवघरातले चार देव एका छोट्या डब्यात त्यांच्याच पिशवीत जातात. २०२१ ला पाणी चढायला लागलं, ४३ चा आकडा आला आणि त्या स्वतः म्हणाल्या, चला, रिक्षा बोलवा. तुमच्याकडं अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, गरोदर बाई असेल, डायलिसिस चालू असेल तर तुमचा आकडा आणखी दोन-तीन फूट खाली धरा, इशारा पातळीच्या आधीच हलवा, आणि दवाखाना पुराच्या बाजूला आहे की उंचावर हेही बघून ठेवा.

हे सगळं सांगली-कोल्हापूरला लागू, जिथं पाणी दोन-तीन दिवस चढत येतं. माझी नणंद चिपळूणला असते, तिथं हा हिशोब चालत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी रात्रीतून बाजारपेठेत घुसलं, पहाटे उठेपर्यंत तळमजले गेलेले. डोंगरातली छोटी नदी, त्यात भरती असली की पाण्याला जायला जागाच नसते. तिथं फुटांचे टप्पे करायला वेळ मिळत नाही, त्यामुळं पिशवी पावसाळाभर भरलेलीच ठेवायची, रेड अलर्ट असेल त्या रात्री वरच्या मजल्यावर झोपायचं, गाडी संध्याकाळीच चढावर लावून यायची. २४ तासांत २०४ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे हवामान खात्याच्या भाषेत अत्यंत मुसळधार, कोकणात तो पडतोच, पण भरतीच्या वेळेला पडणार का हे भरतीच्या तक्त्यात बघा. आणि डोंगराच्या पायथ्याला घर असेल तर पुराच्या आधी दरडीचं बघा, माळीण, तळिये, इर्शाळवाडी, तिन्ही जुलैमध्येच गेली. उतारावर नवी भेग, तिरके झालेले खांब किंवा झाडं, अचानक घट्ट बसायला लागलेली दारं, ओहोळाचं पाणी एकदम गढूळ होणं किंवा एकदम आटणं, यातलं काहीही दिसलं तर पाऊस थांबायची वाट न बघता सगळ्या वाडीनं निघायचं.

पाण्यातून चालायची वेळ आलीच तर काठी घेऊन, पुढं टोचत, एका ओळीत, गटाराची झाकणं उघडी असतात. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी असेल तर जायचंच नाही. गाडी पाण्यात घालायची नाही, बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही, इंजिनात पाणी ओढलं जातं आणि दुरुस्तीचा खर्च कितीतरी पटीनं वाढतो. बोटीत बसताना लाइफ जॅकेट मागून घ्या, बोट भरलेली दिसली तर पुढच्या फेरीला थांबा, हे म्हणायला जड जातं पण म्हणा.

परत येताना घाई करू नका असं सगळे सांगतात, मी एका बाबतीत घाई करा म्हणेन. गाळ. पाणी घरातून उतरत असतं तेव्हाच खराट्यानं ढवळून त्या पाण्याबरोबर गाळ बाहेर काढायचा, कारण तोच गाळ दोन दिवस वाळला की सिमेंटसारखा होतो आणि टँकरचं पाणी पुरत नाही. पण त्याच्या आधी दोन कामं. एक, घरात शिरायच्या आधी काठीनं आवाज करत, गमबूट किंवा जाड बूट घालून जायचं, कोपरे, माळे, गाद्यांच्या घड्या बघायच्या, पुरात साप घरात येऊन बसतात. चावलाच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, हात किंवा पाय हलवायचा नाही आणि सरळ सरकारी दवाखान्यात, लस तिथं फुकट मिळते. दोन, साफ करायच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो आणि व्हिडिओ, पाण्याच्या रेघेला टेप लावून उंचीचा फोटो, खराब झालेल्या वस्तू टाकायच्या आधी त्यांचे फोटो. तलाठी पंचनाम्याला येतात तेव्हा कधी कधी घर धुऊन झालेलं असतं आणि मग सांगत बसायला लागतं. पंचनाम्यात काय लिहिलंय ते वाचून सही करा, विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा.

लाइट लगेच चालू करायची नाही, वायरमनकडून तपासून घ्या. टाकी धुऊन, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर घालून, मगच भरायची. पिण्याचं पाणी उकळूनच, मेडिक्लोर, म्हणजे पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध, मिळालं तर बाटलीवर लिहिलंय तेवढेच थेंब आणि अर्धा तास थांबून. पायाला जखम असेल तर गाळात उतरू नका, उतरायलाच लागलं तर जखम झाकून, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का बघा. पुढच्या महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना आपणहून सांगा की मी पुराच्या पाण्यात होतो, लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची शंका त्यांना लगेच येते आणि वेळेत औषध सुरू होतं. भिजलेले कागद इस्त्री करू नका, उन्हात टाकू नका, एकेक पान अलगद सोडवून सावलीत पंख्याखाली, मध्ये कोरा कागद घालून वाळवा.

आणि त्या वर्षीची रेघ. पाणी कुठपर्यंत आलं ते, तारीख आणि त्या दिवशीचा आयर्विनचा आकडा, तिन्ही भिंतीवर लिहायचं, रंग द्यायला रंगारी आले की तेवढी जागा सोडायला सांगायची. आमच्याकडं वरच्या पेट्या खाली येतात त्या दसऱ्याच्या साफसफाईला, तेव्हाच टॉर्च आणि रेडिओतले सेल काढून ठेवते कारण आत राहिले की ते पाझरतात, भडंग पोरं संपवतात, औषधांच्या तारखा बघून होतात, आणि रिकामी पिशवी परत त्याच खिळ्याला लावते.